अडलेला घास

१६७४ साली टॉमस विलिस या इंग्रज वैद्याचा औषधोपचारांवरचा एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या कड्याला आजही ज्याचे नाव आहे, तोच हा विलिस. या ग्रंथात ऑक्सफर्डच्या एका माणसाची हकिकत येते. त्याला भूक लागे, तो जेवे, पण अन्न पोटात उतरत नसे. अन्ननलिका गळ्यापर्यंत भरली की खाल्लेले सगळे जसेच्या तसे बाहेर येई. माणूस उपासमारीने खंगत चालला होता. विलिसने देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पट्टीपासून एक काठी करवून घेतली आणि तिच्या टोकाला स्पंजाचा छोटा गोळा बसवला. रोग्याने जेवायचे आणि मग ही काठी घशातून खाली सारून अन्न जठरात ढकलायचे. सुमारे पंधरा वर्षे तो माणूस असाच जेवत होता आणि जगत होता.

त्याला झालेल्या आजाराला आज ॲकॅलेशिया म्हणतात. दर वर्षी लाखात साधारण एकाला तो नव्याने होतो. हे प्रमाण २०११च्या जनगणनेतील महाराष्ट्राच्या सव्वाअकरा कोटी लोकसंख्येला लावले, तर वर्षाला अकराशेच्या आसपास माणसे होतात. कर्करोग किंवा क्षयाच्या आकड्यांपुढे ही संख्या काहीच नाही. पण ज्याला होतो त्याला तो दिवसातून दोन-तीन वेळा, ताटावर बसताना, भेटतो.

घास गिळणे ही आपल्या हातातली गोष्ट फक्त घशापर्यंतच असते. तिथून पुढे शरीर आपल्याला विचारत नाही. अन्ननलिका म्हणजे सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. घास आत आला की वरून खाली आकुंचनाची एक लाट सुरू होते आणि आठ-दहा सेकंदांत घासाला तळाशी नेऊन पोचवते. शीर्षासनात पाणी प्यायले तरी ते जठरात जाते, ते या लाटेमुळे. तळाशी, जठराच्या तोंडावर, तीन-चार सेंटिमीटरचा स्नायूंचा एक वळा आहे. त्याला सोयीसाठी झडप म्हणू. ही झडप एरवी आवळलेली असते, नाहीतर जठरातले आम्ल सतत वर येत राहील. घास गिळला की ती काही सेकंद सैल पडते, घास आत सोडते आणि पुन्हा आवळते.

सैल पडण्याचा हा हुकूम अन्ननलिकेच्या भिंतीतच, स्नायूंच्या दोन थरांमध्ये पसरलेल्या मज्जापेशींच्या जाळ्यातून येतो. या जाळ्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. एक प्रकार स्नायूला ‘आवळ’ म्हणतो, दुसरा ‘सोड’ म्हणतो. ॲकॅलेशियात ‘सोड’ म्हणणाऱ्या पेशी मरतात. झडप सैल पडत नाही, वरची लाटही मोडते. नळी हळूहळू पिशवीसारखी फुगत जाते आणि अन्न तिच्यात तासन्‌तास, कधी रात्रभर पडून राहते.

या पेशी का मरतात याचे पक्के उत्तर एकाच ठिकाणी मिळाले आहे, ते दक्षिण अमेरिकेत. ब्राझीलच्या कार्लोस शागास यांनी १९०९ साली वर्णिलेल्या रोगाचा परजीवी नेमक्या याच मज्जापेशी नष्ट करतो, आणि अशा रुग्णांची अन्ननलिका ॲकॅलेशियासारखीच फुगते. बाकी जगात असा मारेकरी सापडलेला नाही. एखाद्या विषाणूच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्तीच या पेशींवर उलटत असावी, हा सध्याचा सर्वांत पटणारा तर्क.

आजार ओळखायला मात्र वेळ लागतो, आणि रुग्णांचे निम्मे हाल इथेच होतात. सुरुवातीला छातीत अडल्यासारखे वाटते, जळजळते. मग आम्लपित्ताच्या गोळ्या सुरू होतात आणि महिनोन्‌महिने, कधी कित्येक वर्षे चालू राहतात. अडून राहिलेले अन्न अन्ननलिकेतच आंबते, म्हणून जळजळ होते. जठराच्या आम्लाचा तिच्याशी संबंध नसतो, त्यामुळे गोळ्यांचा उपयोगही नसतो. रात्री आडवे झाल्यावर साठलेले पाणी श्वासनलिकेत उतरते, ठसका लागतो, खोकला येतो. वजन घटते आहे आणि खोकला जात नाही, असे म्हटल्यावर आपल्याकडे आधी क्षयाच्या तपासण्या होतात, आणि ते चुकीचेही नाही. तरुण मुलगी असेल तर ‘डाएट करते’, ‘मनाचे आहे’ असेही शेरे ऐकावे लागतात.

खरे तर रुग्णाच्या सांगण्यातच खुणा असतात, फक्त नीट विचारायला हवे. अन्ननलिकेत गाठ असली किंवा ती आतून आक्रसली असली, तर आधी भाकरी-चपाती अडते, पुढे भात, आणि पाणी अगदी शेवटी. ॲकॅलेशियात भाकरी आणि पाणी दोन्ही बहुधा सुरुवातीपासूनच अडतात. दुसरी खूण उलटीची. जठरातून आलेली उलटी आंबट-कडू असते. इथे मात्र दोन तासांपूर्वी खाल्लेले त्याच चवीचे परत येते, कारण ते जठरापर्यंत पोचलेलेच नसते. तिसरी खूण रुग्णांनी स्वतः शोधलेल्या युक्त्यांची. घास अडला की उठून उभे राहणे, छाती पुढे काढून पाठ ताठ करणे, हात वर उचलणे, घटाघट पाणी पिऊन वरून दाब देणे. विलिसच्या काठीचेच हे बिनकाठीचे प्रकार.

माणसे मग चारचौघांत जेवणे टाळतात. आपल्याकडे तर पंगतीत आग्रह करून वाढायची रीत, आणि पानात टाकणे म्हणजे यजमानाचा अपमान. ‘घरून जेवूनच निघालो’ हे वाक्य अशा माणसांच्या तोंडी कायमचे बसते. कोणत्याही तपासणीच्या अहवालात ते येत नाही.

तपासण्या मुख्यतः तीन. एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी, सुरुवातीच्या काळात अगदी सामान्य दिसू शकते. तरी ती करायचीच, कारण जठराच्या तोंडाशी दडलेला कर्करोग ॲकॅलेशियाचे हुबेहूब सोंग घेतो. वय साठीच्या पुढे, त्रास अवघ्या काही महिन्यांचा आणि वजन झपाट्याने उतरलेले, असे असेल तर आधी ही शंका फिटली पाहिजे. दुसरी तपासणी बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेची. त्यात वर रुंद झालेली नळी खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती होत गेलेली दिसते. तिसरी मॅनोमेट्री. यात नाकातून एक बारीक नळी अन्ननलिकेत सोडतात आणि घोट-घोट पाणी पाजत जागोजागचा दाब मोजतात. थोडी त्रासदायक, पण निदान पक्के करते ती हीच. ही सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांतच असते, आणि जिल्ह्याच्या ठिकाणचा रुग्ण तिथवर पोचेपर्यंत आणखी काही महिने जातात.

आजाराच्या नावातही एक वाद दडला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिकुलिझ या शल्यविशारदाने त्याला ‘कार्डिओस्पाझम’ म्हटले, म्हणजे जठराच्या तोंडाला आलेला पेटका. लंडनच्या गाय्‌ज हॉस्पिटलमधील आर्थर हर्स्ट यांना ते पटले नाही. पाऱ्याने भरलेली रबरी नळी रुग्णाने गिळली की ती जोर न लावता, नुसत्या वजनाने झडपेतून खाली उतरते, असे त्यांना दिसले. पेटका असता तर ती अशी उतरली नसती. म्हणजे झडप जोर करून मिटलेली नाही, ती फक्त सैल पडत नाही. कूपर पेरी या सहकाऱ्याने सुचवलेला ग्रीक शब्द त्यांनी रूढ केला. ॲकॅलेशिया म्हणजे सैल न पडणे.

निदान इतके नेमके झाले, पण उपचारांचा रोख बदलला नाही. मेलेल्या मज्जापेशी परत आणणारा उपाय अजून कुणापाशी नाही. काठी, फुगा, सुरी, विष, जे काही आजवर वापरले गेले ते सगळे झडपेवर चालते. ती आपण होऊन उघडत नाही म्हणून आपण ती निकामी करतो, आणि पुढे अन्न गुरुत्वाकर्षणाने खाली पडते. हे एकदा लक्षात घेतले की उपचार निवडण्याचा प्रश्न वेगळा दिसू लागतो. प्रत्येक उपाय दार उघडतो आणि त्याबदल्यात काहीतरी मागतो.

गोळ्यांचे लवकर आटोपते. हृदयरोगात जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी किंवा निफेडिपिन यांनी झडप थोडी सैलावते. पण परिणाम अपुरा, तात्पुरता, आणि डोके दुखणे, रक्तदाब उतरणे हे त्रास मात्र नक्की. दुसरे काहीच शक्य नसेल तेव्हाच त्यांचा विचार होतो.

विषाची गोष्ट अधिक रंजक आहे. बोटुलिनम हे जगातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक, सुरकुत्या घालवण्यासाठी टोचतात तेच. पंकज पसरिचा या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी अमेरिकेत ते झडपेत टोचून पाहिले आणि त्यांचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. कल्पना मोठी सुबक होती. ‘सोड’ म्हणणाऱ्या पेशी मेल्या आहेत, तर ‘आवळ’ म्हणणाऱ्यांनाही गप्प करावे. एंडोस्कोपीतून चार बाजूंनी मिळून शंभर युनिट टोचायचे, दहा-पंधरा मिनिटांत काम संपते. पण सहा महिने ते वर्षभरात बहुतेकांचा त्रास परततो, आणि वारंवार टोचल्याने तिथे व्रण धरून पुढची शस्त्रक्रिया अवघड होऊ शकते. म्हणून हा उपाय भूल न झेपणाऱ्या वृद्धांसाठी चांगला. तिशीतल्या माणसाला ‘आधी इंजेक्शन करून बघू’ म्हणणे मला सोपेपणाचे वाटते.

फुग्याचा उपाय विलिसच्या काठीचा थेट वारस. झडपेत रिकामा फुगा बसवून तो हवेने फुगवायचा आणि स्नायूंचे तंतू ताणून फाडायचे. इतर आजारांत आक्रसलेली नळी रुंदावतात तेवढ्या ताणाने इथे भागत नाही. फुगा तीस मिलिमीटरचा लागतो, गरज पडल्यास पुढच्या खेपेला पस्तीस, मग चाळीस. पोटावर छेद नाही, मुक्काम थोडा, खर्च कमी. बदल्यात दोन गोष्टी स्वीकाराव्या लागतात. शंभरात साधारण दोघांची अन्ननलिका फाटते आणि मग तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून ज्या रुग्णालयात तशी सोय आहे तिथेच हे करून घ्यावे. दुसरे म्हणजे फुगा एकदाच फुगवून भागेल याची खात्री नसते, काही वर्षांनी पुन्हा यावे लागते. चाळिशीच्या आतल्या पुरुषांत तो तुलनेने कमी टिकतो.

सुरीचा उपाय १९१३ सालचा. जर्मनीत लायप्झिगला एर्न्स्ट हेलर यांनी पोट उघडून झडपेचे स्नायू समोरून आणि मागून उभे कापले, पण आतले अस्तर शाबूत ठेवले. संत्र्याची फोड सोलताना वरचा पापुद्रा काढायचा आणि आतल्या रसाच्या पिशव्या फुटू द्यायच्या नाहीत, तसे. पुढे १९२३मध्ये नेदरलँड्सच्या झाइयर यांनी समोरचा एकच छेद पुरतो हे दाखवले. आज हीच शस्त्रक्रिया पोटावर चार-पाच छिद्रे पाडून दुर्बिणीने करतात, आणि कापलेल्या जागेवर जठराचा वरचा भाग अर्धवट गुंडाळून टाके घालतात. झडप गेली की आम्ल मोकाट वर येणार, त्याला थोपवायला हा बांध.

मग आले ‘पोएम’. साहित्यरसिकांनी दचकू नये, कवितेशी याचा संबंध नाही; ती तोंडावाटे केलेल्या स्नायूछेदाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. २००७ साली पसरिचा आणि सहकाऱ्यांनी डुकरांवर प्रयोग करून दाखवले की अन्ननलिकेच्या अस्तराखाली बोगदा खणत जाऊन झडप कापता येते. जपानमध्ये योकोहामाला हारुहिरो इनोउए यांनी सप्टेंबर २००८मध्ये हे पहिल्यांदा माणसावर केले. पद्धत अशी : एंडोस्कोप तोंडातून आत न्यायचा, झडपेच्या बऱ्याच वर अस्तराला लहानसा छेद द्यायचा, निळा रंग मिसळलेले पाणी सोडून अस्तर उचलायचे, त्या पोकळीतून बोगदा करत जठराच्या तोंडापर्यंत पोचायचे आणि मग आतले गोलाकार स्नायू कापायचे. शेवटी वरचे भोक बारीक क्लिपांनी बंद करायचे. अंगावर एकही छेद नाही. भारतात ही पद्धत लवकरच आली, आणि हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीसारख्या संस्थांचा अनुभव आज जगातल्या मोठ्या अनुभवांत मोजला जातो.

आता यांतले सरस कोणते? २०११ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये युरोपातील २०१ रुग्णांची चाचणी आली. दोन वर्षांनी फुगा ८६ टक्के रुग्णांत यशस्वी, हेलरची शस्त्रक्रिया ९० टक्क्यांत. म्हणजे जवळजवळ बरोबरी. २०१९मध्ये ‘जामा’त १३३ रुग्णांची दुसरी चाचणी आली, फुगा विरुद्ध पोएम. दोन वर्षांनी पोएमचे यश ९२ टक्के, फुग्याचे फक्त ५४. मग मधल्या आठ वर्षांत फुगा बिघडला की काय? तसे नाही. पहिल्या चाचणीत त्रास परतला तर ठरावीक मर्यादेत पुन्हा फुगा फुगवायला मुभा होती आणि ते अपयश धरले जात नव्हते. दुसरीत तीस आणि लागल्यास पस्तीस मिलिमीटर, इतकेच. त्यापुढे उपचार लागला की अपयश. दोन्ही आकडे खरे आहेत. दर काही वर्षांनी फुग्यासाठी यायला जो तयार आहे त्याने पहिला आकडा पाहावा, ज्याला एकदाच काय ते उरकायचे आहे त्याने दुसरा.

त्याच वर्षी पोएम आणि हेलर यांची २२१ रुग्णांमध्ये थेट तुलना झाली. यश ८३ आणि ८१.७ टक्के, म्हणजे इथेही फरक नाही. पण पोएममध्ये आम्ल रोखणारा बांध नसतो. तीन महिन्यांनी एंडोस्कोपीत अन्ननलिकेला आम्लाने आलेली सूज पोएमच्या ५७ टक्के रुग्णांत होती, हेलरच्या २० टक्क्यांत. दोन वर्षांनी हेच आकडे ४४ आणि २९. फुग्याबरोबरच्या चाचणीतही पोएमचे ४१ टक्के, तर फुग्याचे ७. शिवाय यांतल्या अनेकांना जळजळ जाणवतच नाही. म्हणून पोएम करून घेणाऱ्याला ‘छेद नाही, डाग नाही’ एवढेच सांगणे अपुरे आहे. आम्लाची गोळी बहुधा दीर्घकाळ घ्यावी लागेल आणि अधूनमधून एंडोस्कोपी करावी लागेल, हे आधी सांगायला हवे.

या सगळ्या चाचण्यांत ‘यश’ म्हणजे काय, हेही पाहू. जर्मन डॉक्टर एकार्ट यांच्या नावाची एक गुणपद्धत आहे. घास अडणे, अन्न परत येणे, छातीत दुखणे आणि वजन घटणे या चार गोष्टींना शून्य ते तीन गुण. एकूण बारा, आणि उपचारानंतर तीन किंवा त्याहून कमी गुण आले की यश. आता समजा, वजन घटत नाही, छाती दुखत नाही, अन्न परत येत नाही, पण प्रत्येक जेवणात घास अडतो. त्याचे गुण तीनच. कागदावर तो यशस्वी रुग्ण. बहुतेक यशस्वी रुग्ण याहून खूप बरे असतात, हेही खरे. पण ‘नव्वद टक्के यश’ म्हणजे नव्वद टक्के माणसे पूर्वीसारखी जेवू लागली, असा अर्थ नाही. लाट परतलेली नसते. चावून खाणे, घोट घेत खाणे, जेवल्यावर दोन-तीन तास आडवे न होणे, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच ठेवणे, हे जन्मभराचे.

निवड ठरवणारी आणखी एक गोष्ट मॅनोमेट्रीतून कळते. २००८पासून ॲकॅलेशियाचे तीन प्रकार मानले जातात. पहिल्यात नळी निपचित पडलेली असते, दुसऱ्यात घोट घेताच सगळ्या नळीत एकदम सारखा दाब चढतो, तिसऱ्यात खालच्या भागात वेळेआधीच जोराचे पेटके येतात. दुसऱ्या प्रकारात कोणताही चांगला उपाय लागू पडतो. युरोपातील त्याच चाचणीत या प्रकारच्या रुग्णांत फुगा आणि शस्त्रक्रिया दोन्ही नव्वद टक्क्यांच्या वर गेले. तिसऱ्या प्रकारात शस्त्रक्रियेचे यश ८६ टक्के होते, फुग्याचे ४०. रुग्ण थोडे होते, त्यामुळे आकड्यांना फार चिकटून राहू नये, पण दिशा पटण्यासारखी आहे. पेटका झडपेच्या वरही असेल तर फक्त झडप ताणून काय होणार? पोएममध्ये मात्र छेद हवा तेवढा वर नेता येतो, म्हणून तिसऱ्या प्रकारात आज त्यालाच पसंती मिळते. ‘माझा प्रकार कोणता?’ हे न विचारता उपचार ठरवणे म्हणजे नंबर न काढता चष्मा घेणे.

यातले काहीच वेळेवर झाले नाही, तर दहा-वीस वर्षांत अन्ननलिका फुगून वाकडी होते आणि तिला इंग्रजी ‘एस’सारखे वळण येते. तळाशी खोलगट साठते आणि झडप कापूनही ते रिकामे होत नाही. अशा थोड्या रुग्णांची अख्खी अन्ननलिका काढून जठर वर ओढून घ्यावे लागते. फार वर्षे अन्न साठून राहिलेल्या अन्ननलिकेत कर्करोगाचा धोकाही इतरांपेक्षा जास्त असतो.

उपचारानंतर ‘बरे वाटते’ यावर थांबू नये ते यासाठी. अडण्याची सवय झालेल्या माणसाला थोडे अडणे जाणवतच नाही. वेळ लावून केलेली बेरियमची तपासणी तेवढ्यासाठी उपयोगी पडते. उभ्याने पेलाभर बेरियम प्यायचे आणि पहिल्या, दुसऱ्या, पाचव्या मिनिटाला एक्स-रे काढायचा. पाच मिनिटांनी अन्ननलिकेत किती सेंटिमीटर उंचीचा स्तंभ उरला आहे ते मोजायचे आणि आधीच्या चित्राशेजारी ठेवून पाहायचे. रुग्ण हसतमुख आहे आणि स्तंभ जागचा हललेला नाही, असेही दिसते. अशा माणसांचा त्रास पुढे परतण्याची शक्यता जास्त असते, आणि नळी आणखी फुगण्याआधी दुसरा उपाय करायला तेव्हा हाताशी वेळ असतो.